निळ्या घोड्यांचं दूध

आमच्या एका उंटिणीने एकदा आख्खी विहीर पिऊन टाकली. मग दोन वर्षं आम्ही तिच्या कुबडाला तोटी बसवून चहाचं पाणी काढायचो. ती रागावली की पाणी खारट यायचं.

ही गोष्ट सांगितली की वसतिगृहातली पोरं एका सुरात ओरडायची, "आजी, डावा डोळा!" थाप मारताना माझा डावा डोळा आपोआप बारीक होतो. लहानपणापासूनची खोड आहे. नवरा होता तोवर त्याने मला त्याच्यावरून शंभरदा पकडलं. आणि मुलगा तोमोर, तो तर बोलायला शिकायच्या आधी माझा डोळा वाचायला शिकला.

आज डोळा उघडा आहे. तुम्हाला दिसत नाही, म्हणून सांगते.

माझं नाव खांदजाव. गोबी वाळवंटातल्या आमच्या गावच्या शाळेत एकोणीस वर्षं मी वसतिगृहाचा चहा करते. त्रेचाळीस पोरं. त्यांचे आईबाप कळपांमागे, कुणी दिवसाच्या वाटेवर, कुणी तीन दिवसांच्या. पोरं सप्टेंबरात येतात, जूनमध्ये जातात. मधल्या काळात नाक पुसायला, वेणी घालायला आणि थापा ऐकवायला मी.

शाळेची विहीर गावाच्या खालच्या अंगाला. पाणी मचूळ, तळाशी गाळ. आमच्यात कच्चं पाणी कुणी पीत नसे. पाणी म्हणजे चहा. दूध, मीठ, चिमूटभर चहापत्ती, आणि पळीने खालीवर करत चांगलं उकळायचं. पण पोरं ती पोरं. खेळून आली की बादलीत तोंड घालणार. त्या भयानक हिवाळ्यानंतर, ज्यात अर्ध्या तालुक्याची जनावरं उभ्याउभ्या गोठली, वसंतात बर्फ वितळलं आणि विहिरीच्या वरच्या उतारावर मेलेली मेंढरंच मेंढरं उघडी पडली. ते सगळं पाणी जमिनीत मुरलं. अकरा पोरं आजारी पडली. दहा उठली. बोलोर नावाची सात वर्षांची मुलगी उठली नाही. तिची चादर मी धुतली. उशीखाली वाळवलेल्या दह्याचे तीन खडे निघाले, चघळून गुळगुळीत केलेले.

तोमोर तेव्हा म्हणाला, "मिचिदला मी शाळेत घालणार नाही. अडाणी राहिली तर राहिली."

मिचिद माझी नात. तेव्हा सहा वर्षांची.

दुसऱ्या उन्हाळ्यात राजधानीतून एक ट्रक आला. शाळेच्या दक्षिणेला, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर त्यांनी सोलरच्या बारा प्लेटा बसवल्या, सहा-सहाच्या दोन रांगा. शेजारी पत्र्याची खोली, खोलीवर टाकी, आणि भिंतीबाहेर पोरांच्या हाताला येतील असे चार नळ. सगळं बसवणारी इंजिनीअर म्हणजे एक काटकुळी पोरगी होती. तिच्या बुटात अर्धी गोबी भरलेली. तिने आम्हा सगळ्यांना उभं करून समजावलं.

"ऊन प्लेटांवर पडतं. त्यातून बॅटरी भरते. पंप पाणी वर चढवतो. आणि नळाला यायच्या आधी पाणी या पाइपातून जातं. पाइपात जांभळा दिवा आहे, तो रात्रंदिवस चालू. तो जंतू मारतो. हे पाणी उकळायची गरज नाही, पोरांनी थेट प्यायचं. दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. दिवा विझला तर नळ लगेच बंद करायचे. आणि प्लेटा दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायच्या. धूळ बसली की प्लेट आंधळी होते."

हे काम दमदिनकडे आलं. दमदिन आमचा बॉयलरवाला. रेड्यासारखा मोठा, चाळिशीचा, आणि माझ्या थापांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पोरं डोळा बघायची, हा बिचारा तोंड बघायचा. मी त्याला एकदा सांगितलं होतं की उत्तरेकडची माणसं कडाक्याच्या थंडीत नाक काढून पेटीत ठेवतात. त्याने दोन दिवस विचार केला आणि मग येऊन विचारलं, "आजी, मग शिंक आली तर?"

तोमोर मोटारसायकलवरून आला. नळाखाली ओंजळ धरली, चूळ भरून थुंकला, मग प्यायला. परत प्यायला.

"गोड आहे," तो म्हणाला.

"मी सांगत नव्हते?"

"तू काय, उंटिणीचंही सांगतेस." पाइपाला एक छोटं काचेचं भोक होतं, त्यातून आतलं जांभळं दिसायचं. ते त्याने बराच वेळ पाहिलं. "मिचिदला पाठवतो. पण आई, पाण्यावर लक्ष तुझं. दमदिनचं नाही, शाळेच्या बाईंचं नाही. तुझं."

"माझं," मी म्हटलं.

त्याने माझा डावा डोळा पाहिला. उघडा होता. मग त्याने मोटारसायकलला लाथ मारली.

मिचिद आली तेव्हा आठची होती. समोरचे दोन दात पडलेले, वेणी शेळीच्या शेपटीएवढी. आल्या दिवसापासून तिला त्या भोकाचं वेड. सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी डोळा लावायची. "आजी, जांभळं आहे!" अशी वर्दी द्यायची आणि मगच चहा घ्यायची.

एक दिवस तिने विचारलं, "प्लेटांच्या आत काय असतं?"

इंजिनीअर पोरीने सांगितलेलं मला नीट आठवत होतं. पण नुसतं खरं सांगायचं म्हणजे बिनमिठाचा चहा.

"घोड्या," मी म्हटलं. "निळ्या घोड्या. आकाशातल्या. बारा प्लेटा, बारा घोड्या. दिवसभर ऊन चरतात, आणि चरून पोट भरलं की दूध देतात. तेच पाइपातून येतं. बाहेर येईस्तोवर पांढरं उडून जातं, म्हणून पाण्यासारखं दिसतं."

"डावा डोळा!"

"वारा आहे गं, डोळ्यात धूळ गेली."

ती हसली. पण हसून झाल्यावर प्लेटेच्या काचेला कान लावून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापर्यंत साऱ्या वसतिगृहात घोड्या पोचल्या. पोरांनी बाराही घोड्यांना नावं ठेवली. मिचिदची घोडी वरच्या रांगेत शेवटची, तिचं नाव बोथरी, कारण मिचिदला दात नव्हते म्हणून तिलाही नाहीत.

आता आमची पद्धत अशी. सकाळचा चहा उकळला की पहिला घोट माणसाचा नाही. नऊ खळग्यांची लाकडी पळी घ्यायची, दारात जायचं आणि पहिला चहा आकाशाला उडवायचा. माझ्या आईने केलं, तिच्या आईने केलं. एवढी वर्षं मी दारात उभी राहून उडवत होते. त्या सकाळी मिचिद म्हणाली, "आजी, आकाशातल्या घोड्या तर इथे खाली आहेत. मग वर कुणाला देतेस?"

मला इतकं हसू आलं! म्हटलं, पोरगी माझ्यावर गेली. आणि मी वीस पावलं चालून पहिला चहा प्लेटांवर उडवला.

बस, झालं. पोरांना तेवढंच हवं होतं. कप घेऊन रांगेने यायची, जो तो आपल्या घोडीला घोटभर द्यायचा. कुणी नाव घेऊन द्यायचं, कुणी "आज गणिताची परीक्षा आहे" असं सांगून द्यायचं. दुल्माबाई, आमच्या मुख्याध्यापिका, खूश. "पोरं शिस्तीत उभी राहायला शिकली," म्हणाल्या. त्यांनी प्लेटांच्या खांबाला मानाची निळी रेशमी पट्टी बांधली आणि फोटो काढून राजधानीला पाठवला. तिकडूनही छान छान म्हणून उत्तर आलं. फोटोत प्लेटा दिसत नव्हत्या, पोरं दिसत होती.

ऑक्टोबरात दमदिन माझ्याकडे आला. हातात ओलं फडकं, चेहरा अवघडलेला.

"आजी, प्लेटांवर दुधाचे डाग पडलेत."

"मग?"

"पुसू का?"

मी पिठाचे गोळे वळत होते. सरळ म्हणायचं, पूस बाबा, त्यासाठीच तुला फडकं दिलंय. एवढंच. पण तो असा उभा होता, एवढा थोरला गडी, हातात चिंधी, तोंड लहान पोरासारखं. मला राहवलं नाही.

"आकाशाला दिलेलं पुसतात का रे?"

"नाही... म्हणूनच विचारतोय."

"आमच्याकडे एकाने पुसलं होतं. माझ्या आईच्या मामाने. उडवलेला चहा खोगिरावर पडला, ह्याने बाहीने पुसला. आठवड्यात हात वाळायला लागला. आधी बोटं, मग मनगट. शेवटी हात वाळवंटातल्या झुडपाच्या मुळासारखा झाला. एका थंडीत सरपण संपलं तर बायकोने चुकून चुलीत घालायला घेतला."

दमदिनने हळूच फडकं पाठीमागे लपवलं.

"मग काय करू?"

"धूळ झटक. दूध राहू दे."

माझा डावा डोळा चांगलाच बारीक झाला असणार. पण दमदिन कधी डोळा बघायचा नाही.

त्या दिवसापासून तो आठवड्याला यायचा आणि मऊ झाडूने प्लेटांवरून वारा घातल्यासारखं करायचा. दुधाला झाडू लागू नये म्हणून. मी लांबून बघायचे आणि हसायचे. परवा सांगून टाकू, म्हणायचे. परवा.

दूध, मीठ आणि गोबीची धूळ. हे तीन एकत्र झाले की काय होतं ते चुलीजवळ आयुष्य घालवलेल्या बाईला सांगायला नको. हंड्याच्या काठाला रोज तेच खरवडत होते मी. हिवाळ्यात ते गोठलं. त्यावर पुन्हा चहा, पुन्हा धूळ. पांढरा महिना आला, नव्या वर्षाचा सण. त्या दिवसांत आम्ही पांढऱ्याला किती मानतो! पोरं घरून सायीचे तुकडे घेऊन आली आणि घोड्यांच्या तोंडी लावली. प्लेटा दुरून बर्फ पडल्यासारख्या दिसायच्या. कुणाला काही वाटलं नाही. उलट बरं दिसायचं.

मार्चच्या शेवटी मिचिद चहाच्या वेळी आली ती गप्प.

"काय गं, आज वर्दी नाही?"

"आजी, जांभळं दिसत नाही."

"नीट डोळा लाव."

"लावला. काल पण नव्हतं. मधल्या सुट्टीत बघितलं तर होतं. सकाळी नसतं."

आता हे नीट ऐका, कारण मी रोज ऐकते. माझ्या हातात पळी होती. वीस पावलांवर ती खोली होती. जाऊन डोळा लावायचा, एवढंच काम. पण चहा उतू जायला आला होता, पोरं कप वाजवत होती, आणि माझ्या जिभेवर गोष्ट तयार होती.

"घोड्या झोपल्यात अजून," मी म्हटलं. "थंडीने आळशी झाल्या. दिवस उजाडला तरी लोळतात. जरा जास्त दूध घाल बोथरीला, म्हणजे लवकर उठेल."

तिने माझ्या डोळ्याकडे पाहिलं. या वेळी डावा डोळा म्हणाली नाही. आठ वर्षांची असली तरी तिला बहुतेक गोष्ट हवी होती, मलाही हवी होती. ती आपला अख्खा कप घेऊन गेली आणि बोथरीवर ओतून आली. मग तहान लागली म्हणून नळाला तोंड लावून पाणी प्यायली. पोरं सगळी तशीच प्यायची. इंजिनीअरने सांगितलं होतं, थेट प्या.

पाच दिवस तिने असं केलं. तेव्हा बर्फ वितळत होतं.

सहाव्या दिवशी तीन पोरं आजारी पडली, सातव्या दिवशी आणखी तीन. त्यात मिचिद. पोट धरून वेडीवाकडी व्हायची, पोटात ठरेल असं काही नाही, आणि मग रक्त. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलोरच्या वेळीही तीच होती. तिने मिचिदची पापणी ओढून पाहिली, पायावर बोट दाबलं, आणि माझ्याकडे न बघता दुल्माबाईंना म्हणाली, "जीप काढा. सहाही जणांना प्रांताच्या इस्पितळात. आत्ताच."

मी मिचिदला चामड्याच्या डगल्यात गुंडाळलं. जीपमध्ये ठेवताना ती म्हणाली, "आजी, बोथरीला सांग, मी येते."

"सांगते."

"नक्की?"

"नक्की."

डोळा बारीक झाला की नाही, मला आठवत नाही.

पहाटेच जीप गेली आणि मी चूल पेटवली. उरलेल्या पोरांना चहा हवाच. उकळला, पळी घेतली, सवयीने प्लेटांकडे गेले. हात उचलला आणि तसाच राहिला. मग मी खोलीत गेले आणि त्या भोकाला डोळा लावला.

काळं. विहिरीत बघितल्यासारखं.

बाहेर येऊन बोथरीच्या प्लेटेवर नखाने खरवडलं. खडूसारखा जाड थर निघाला. जिभेला लावला. खारट. माझ्याच हातचा चहा. त्याच्याखाली नखाएवढं निळं दिसलं. ऑक्टोबरपासून उन्हाला ते दिसलं नव्हतं.

नंतर कुणी कुणी मला समजावून सांगितलं, पण तेव्हाच सगळं कळलं होतं. आंधळ्या प्लेटांतून बॅटरी अर्धीच भरायची. दुपारी ऊन असायचं तोवर दिवा जळायचा. पहाटेपर्यंत बॅटरी संपायची, दिवा विझायचा, आणि पाणी तसंच खाली यायचं. दमदिन दिवा बघायचा तो दुपारी, कारण सकाळी तो बॉयलरपाशी. पोरं नळावर यायची ती सकाळी. सकाळी त्या भोकाला डोळा लावणारं एकच माणूस होतं, आणि त्याने मला येऊन सांगितलं होतं.

मी आधी चारही नळ बंद केले. मग चहाचा हंडा रिकामा केला, त्यात पाणी उकळलं, तसाच उचलून आणला आणि प्लेटांवर ओतत सुटले. कुणाला बोलावलं नाही. चमच्याने खरवडलं, फडक्याने घासलं, पुन्हा ओतलं. बोथरीच्या वेळी टक् असा आवाज झाला. गार काचेवर उकळतं पाणी. काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. मी पुसत राहिले. सूर्य वर आला तेव्हा बाराही प्लेटा लखलखत होत्या, आणि दुपारपर्यंत भोकातून असं जांभळं दिसायला लागलं की डोळा दिपावा.

दुसऱ्या दिवशी प्रांतातून चौकशीला साहेब आला. त्याने प्लेटा पाहिल्या. स्वच्छ. दिवा पाहिला. चालू. फक्त एक काच तडकलेली.

शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले. दमदिनला पुढे उभं केलं.

"प्लेटा दर आठवड्याला पुसायच्या, हे तुम्हाला सांगितलं होतं?"

"होतं, साहेब."

"पुसत होता?"

दमदिन पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

"नाही."

"का?"

"राहून गेलं."

"सकाळचा दिवा कधी पाहिला?"

"सकाळी बॉयलर असतो, साहेब."

"दारू पिता?"

"पूर्वी प्यायचो."

साहेबाने एवढंच लिहून घेतलं, आणि मागे लोक कुजबुजायला लागले. पूर्वी म्हणे! मी उठले.

"साहेब, त्याने मला विचारलं होतं. पुसू का म्हणून. मी नको म्हटलं. प्लेटांवर चहा मी उडवला, पोरांना मी शिकवलं, त्याला हात वाळतील म्हणून मी घाबरवलं. दिवा विझतोय हे मला कळलं होतं. नातीने सांगितलं होतं. आणि काल प्लेटा धुतल्या त्याही मीच."

साहेबाने लिहिणं थांबवलं. "हात वाळतील?"

"माझ्या आईच्या मामाचा वाळला, असं सांगितलं. थाप होती."

मागून कुणीतरी हसलं. अशा वेळीही हसलं. मी त्यांना दोष देत नाही. एकोणीस वर्षं मीच त्यांना हसायला शिकवलं होतं.

दुल्माबाई उठल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, मनावर घेऊ नका. आमची आजी मायाळू आहे. दमदिनला वाचवायला बघतेय. हिची उंटीण आख्खी विहीर पिते."

"बाई, माझा डोळा बघा!" मी ओरडले. "डावा डोळा बघा!"

त्यांनी बघितला. त्या वेळी दोन्ही डोळ्यांत पाणी होतं, आणि पाण्याने डोळे आपसूक बारीक होतात.

साहेबाने कागदावर लिहिलं, देखभालीत हयगय. दमदिनने सही केली. जाताना तो माझ्यापाशी थांबला. त्याचे ते थोरले हात त्याने खिशात घातलेले.

"आजी, मामाची गोष्ट खरंच थाप होती?"

"हो रे बाबा. थाप होती."

"मग पुसायला हवं होतं," म्हणाला आणि गेला. सीमेकडे कोळशाचे ट्रक जातात, त्यातल्या एकावर चढला म्हणे. परत आला नाही.

इस्पितळात सहा गेली होती. पाच परत आली. मिचिदची मूत्रपिंडं बंद पडली. तिला राजधानीत, उलानबातरला न्यायचं ठरत होतं, त्याच सकाळी ती गेली.

तोमोर दहा दिवसांनी माझ्या गेरमध्ये, लोकरीच्या तंबूत, आला. दाराशी मोटारसायकल बंद केली आणि बराच वेळ आत आला नाही. आला तेव्हा पश्चिमेच्या अंगाला बसला, पाहुणे बसतात तिथे. मी वाटीत चहा ओतून दोन्ही हातांनी पुढे केला. त्याने घेतला आणि समोर ठेवला.

"लोक म्हणतात दमदिनने पुसलं नाही."

"मी नको म्हटलं होतं."

"लोक म्हणतात तू त्याच्यासाठी खोटं बोलतेस."

"मिचिद मला सांगत होती, तोमोर. जांभळं दिसत नाही म्हणून. मी तिला म्हटलं घोड्या झोपल्यात. जास्त दूध घाल."

तो उठून माझ्यासमोर येऊन बसला. इतक्या जवळ की त्याच्या अंगाचा मेंढरांचा वास आला. लहान असताना बसायचा तसा. त्याने माझ्या डाव्या डोळ्यात बघितलं. किती वेळ, सांगता येत नाही. मी डोळा मिटला नाही.

गावात चारशे माणसं, आणि माझं खरं बोलणं पटलं ते एकट्या त्याला.

त्याने टोपी घातली. वाटीतल्या चहावर साय धरली होती. त्याने त्याला ओठही लावले नाहीत. आमच्यात तहानेने मरणारा माणूससुद्धा आईच्या हातची वाटी ओठाला लावून खाली ठेवतो. त्या उन्हाळ्यात त्याने आपलं गेर डोंगरापलीकडे हलवलं, जिथून इकडे यायला रस्ता नाही.

आता प्लेटा पुसायला शाळेने नवा माणूस ठेवलाय. तो आठवड्यातून एकदा पुसतो. मी रोज पुसते. उजाडायच्या सुमाराला आधी भोकाला डोळा लावते, मग गार पाणी आणि फडकं. बोथरीची प्लेट बदलून नवी बसवलीय, पण मी तिला शेवटी पुसते. आकाशाचा चहा मी पुन्हा दारातूनच उडवते, उत्तरेच्या दारातून, प्लेटांकडे पाठ करून.

थंडीत रोज गार पाणी लागून माझा उजवा हात आखडलाय. बोटं मिटत नाहीत, कातडी तडकलीय, रंग काळपट. सांधेदुखी आहे, डॉक्टरीणबाईने सांगितलं. मलम पण दिलंय.

या सप्टेंबरात नवी पोरं आली. एक दिवस सकाळी मी पुसत होते आणि मागे दोन मुली कप घेऊन उभ्या. त्यातल्या धाकटीने घोडीला द्यायला कप उचलला. ही गोष्ट तिला कुणी सांगितली, मी तर नाही. थोरलीने तिचा हात धरला.

"नको गं. आजीने आकाशाचं दूध पुसलं, म्हणून तिचा हात वाळत चाललाय. बघ."

धाकटीने माझ्या हाताकडे पाहिलं आणि कप छातीशी धरला.

मी वळले. सांगितलं, "तसं काही नाही गं. काचेवर घाण बसली की दिवा विझतो, आणि दिवा विझला की पाण्यातले जंतू मरत नाहीत. म्हणून पुसायचं. हाताला थंडी लागलीय. बाकी काही नाही."

दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग थोरलीने धाकटीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि दोघी माझा डावा डोळा बघत मागे मागे सरकल्या.